बूट लेकची संडासबुडी

१

अर्विड सुंदीन तळ्यातून बाहेर निघाला तेव्हा सगळ्या एल्क नॅरोज गावाचं पोट भरलेलं होतं. एप्रिलचा दुसरा रविवार. अग्निशमन दलाच्या शेडमधली पॅनकेकची न्याहारी नुकतीच उरकली होती. मधेच वीज गेल्याने तवे थंड पडून ती लांबलीही होती. आता दीडेकशे माणसं बोटांना लागलेला मेपलचा पाक चाटत तळ्याकाठी आली होती. कशाला? तर संडास बुडाला का ते बघायला.

हसू नका, यात गावाची इभ्रत गुंतलेली होती. दर हिवाळ्यात बूट लेक गोठलं की मुलांचं स्केटिंग मंडळ प्लायवुडचा एक लाल संडास तळ्यात, काठापासून शंभरेक पावलांवर, बर्फावर नेऊन ठेवायचं. तळाशी वाळूची पोती. संडासाला एक लांब दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक काठावरच्या दुकानाच्या ओसरीत, विजेच्या घड्याळाच्या प्लगला. वसंतात बर्फ सडलं की संडास खाली जाणार, दोरी प्लग उपटणार, घड्याळ जागच्या जागी थांबणार. कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी, याचा अंदाज तिकिटावर लिहायचा. सगळ्यांत जवळचा अंदाज ज्याचा, त्याला निम्मी रक्कम, उरलेली मुलांच्या मैदानाला. त्या वर्षी बक्षीस अकरा हजार डॉलरच्या घरात गेलं होतं.

कायद्याच्या भाषेत हा धर्मादाय जुगार. त्याला परवाना लागायचा, आणि परवाना द्यायची नगरपालिकेची क्लार्क व्हर्ना हाकाला. क्लार्क म्हणजे कारकुंडी असा समज असेल तर तो सोडा. एकतीस वर्षं त्या खुर्चीत बसलेल्या व्हर्नाच्या शिक्क्याशिवाय गावात कुणाला कुत्रा पाळता येत नसे की दुकान उघडता येत नसे. घड्याळाच्या काचेवर तिच्या सहीचं कागदी सील असे, म्हणजे कुणी काटे फिरवू नयेत. तिकिटांची अर्धुकं लोखंडी पेटीत, पेटी नगरपालिकेच्या तिजोरीत, पेटीवर पुन्हा तिचंच सील. लोक पाठीमागे म्हणायचे, व्हर्ना स्वतःच्या नवऱ्यालाही सील लावून ठेवायची, म्हणून बिचारा लवकर गेला.

त्या दिवशी ती सगळ्यांच्या पुढे होती. तळ्यावर लाल काही दिसत नव्हतं. ओसरीतलं घड्याळ थांबलं होतं, नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटांवर, प्लग जमिनीवर लोळत होता, आणि सील शाबूत होतं. गर्दीने टाळ्या वाजवल्या. शिट्ट्यासुद्धा मारल्या.

मग कुणीतरी पाण्याकडे बोट दाखवलं.

छातीपर्यंत पाण्यात, सडलेल्या बर्फाचे तुकडे कोपराने फोडत, लॉनी ग्रेनियर काठाकडे येत होता. त्याने काखेत धरून अर्विडला ओढत आणलं होतं. अर्विड सुंदीन, वय एकाहत्तर, स्केटिंग मंडळाचा जुगार-व्यवस्थापक, माणूस शिस्तीचा आणि जिभेचा कडवट. त्याची नखं तुटलेली होती. बर्फाची कड माणूस किती वेळ ओरबाडू शकतो हे त्या बोटांवर लिहिलेलं होतं. मेपलचा पाक खाल्लेल्या दोघातिघांना तिथेच ओकारी झाली.

दुकानातून ड्वेन ओल्स्टॅड धावत आला. गळाला लावायचे जिवंत मासे विकायचं ते दुकान त्याचं, आणि ड्वेन व्हर्नाचा जावई.

"मी आतच होतो हो!" तो पोलिसांच्या डेप्युटीला, रॉजर मॅट्सनला, सांगत होता, डोळे लाल, आवाज फाटलेला. "सकाळी नऊपासून आत. टाक्या साफ करत होतो. हवेच्या पंपाची घरघर एवढी असते, कानाशी कुणी बोंबललं तरी ऐकू येत नाही. सव्वादहापर्यंत पंप बंदच केला नाही मी. केला असता तर अर्विडची हाक ऐकू आली असती ना!"

रॉजरने ते लिहून घेतलं आणि खाली ड्वेनची सही घेतली. मग त्याने लॉनीकडे पाहिलं. सगळं गाव आधीपासून लॉनीकडेच पाहत होतं.

२

नियम असा, की घड्याळ थांबल्यावर त्याच दिवशी दोन नगरसेवकांसमोर पेटी उघडायची, विजेत्याचं अर्धुक काढायचं, बाकीची न वाचता पेटी पुन्हा सीलबंद करायची. दुसरा नियम, ज्याच्या ओसरीवर घड्याळ त्याला आणि त्याच्या घरच्यांना तिकीट घ्यायला बंदी. हे दोन्ही नियम व्हर्नानेच लिहिले होते आणि त्यांचा तिला अभिमान होता.

दुपारी बाराला पेटी उघडली. अर्धुकं वेळेनुसार लावून ठेवलेली असत. नऊ एक्केचाळीसचं कुणाचं नव्हतं. सर्वांत जवळचं होतं नऊ चाळीसचं. त्यावर नाव होतं लॉनी ग्रेनियर.

"झालं," रॉजर म्हणाला. "आता आणखी काय हवंय?"

खरंच काय हवं होतं? लॉनी अर्विडचा सावत्र मुलगा. दुकानफोडीत सहा वर्षं आत काढून पॅरोलवर सुटलेला, अजून नऊ वर्षं डोक्यावर लटकलेली. बापलेकांची भांडणं अख्ख्या गल्लीला पाठ. आता तिकीट त्याचं, प्रेत त्याच्या हातात, आणि तो कमरेच्या वरपर्यंत भिजलेला. रॉजरचा हिशेब सरळ होता. लॉनीने संडास बुडवायचा घाट घातला, अर्विडने पकडलं, लॉनीने त्याला पाण्यात लोटलं. मंगळवारी सकाळी नऊ वाजता न्यायाधीशापुढे उभा केला की आरोप सिद्ध व्हायचीही गरज नव्हती. पॅरोल मोडल्याचं मान्य झालं तरी ती नऊ वर्षं सुरू.

गावाला हे सोयीचं होतं. संध्याकाळपर्यंत लोक म्हणायला लागले, आम्हाला ठाऊकच होतं.

व्हर्नाला रात्री जेवण गेलं नाही. लॉनीचा पुळका आला म्हणून नव्हे, तो तिला कधीच आवडला नव्हता. तिला एक मिनिट खटकत होतं. जो माणूस खोटेपणा करून संडास बुडवतो, तो आपल्या मिनिटावर बुडवेल. नऊ चाळीसचं तिकीट असताना नऊ एक्केचाळीसला कशाला बुडवेल?

३

सोमवारी सकाळी ती कोठडीत गेली. लॉनीला कुणीतरी आपले जुने कपडे दिले होते, ते त्याला आखूड होत होते.

"व्हर्नाबाई, तुम्हीसुद्धा बघायला आलात? तिकीट लावा, चांगली कमाई होईल."

"जिभेला आवर घाल. कुठे होतास?"

"कागद गिरणीत रात्रपाळी केली. घरी येऊन झोपलो. दहाला उठलो, तर म्हातारा घरात नाही. म्हटलं न्याहारीला न्यावं त्याला ओढून. तळ्यावर आलो तर पाण्यावर टोपी दिसली." तो थांबला. "हाक मारावी तर काय म्हणून मारू तेच सुचेना. बाप म्हटलं नव्हतं ना कधी."

"नऊ चाळीस कसं निवडलंस?"

"मी सुटलो तेव्हा तुरुंगाच्या फाटकावरच्या घड्याळात नऊ चाळीस झाले होते. म्हातारा गाडी घेऊन उभा होता. सहा वर्षांत पत्र नाही पाठवलं त्याने, पण गाडी घेऊन उभा होता."

व्हर्ना उठली. रडका माणूस तिला सहन होत नसे आणि लॉनी रडायच्या बेतात होता.

तिथून ती बेव्ह टॅगर्टकडे गेली. बेव्हच्या बारमध्ये दर शुक्रवारी मांसाची सोडत व्हायची. चाक फिरवायचं, ज्याचा आकडा येईल त्याला डुकराच्या फासळ्या नाहीतर बेकन. बेव्हने परवान्याचं नूतनीकरण केलं नव्हतं आणि अर्विडने तिची तक्रार ठोकून सोडत बंद पाडली होती.

"अर्विड मेला म्हणून मी रडणार नाही हं," बेव्ह पेले पुसत म्हणाली. "पण त्याला बुडवायला मी भल्या सकाळी बर्फावरही जाणार नाही. माझे गुडघे बघ."

"पावणेदहाला तू शेडमधून उठून गेलीस. मी पाहिलं."

"कशाला गेले? वीज गेली, तवे थंड, पिठाचा लगदा झाला, आणि शंभर माणसं रिकामी ताटं घेऊन माझ्याकडे बघतायत! बारमधून गॅसची शेगडी आणली मी. त्या शेगडीवरचे तीन पॅनकेक कुणी हाणले? तूच ना गं, सटवे?"

व्हर्नाने खरंच तीन हाणले होते. ती बाहेर पडली.

शेवटी ती लेकीच्या घरी गेली. दुकान पुढे, घर मागे. लेना तिची एकुलती एक मुलगी. दाराशी दोन जोड गमबूट उलटे टांगले होते, मागच्या भिंतीला बोटीच्या धक्क्याची एक लांब फळी वाळत टेकवलेली होती. फळीच्या मध्यावर हातभर लाल रंग घासलेला दिसत होता.

ड्वेन स्वयंपाकघरात बसला होता. रविवारपासून तो घराबाहेर पडला नव्हता, कुणाशी बोलला नव्हता. टेबलावरची कॉफी गार झाली होती.

"पंपाच्या आवाजात आणखी काही..." व्हर्नाने सुरुवात केली.

"सांगितलंय ना त्याने काल रॉजरला?" लेना मधेच म्हणाली. "सहीसुद्धा केलीय. त्याचा जीव अर्धा झालाय आई, तू आणखी कशाला उकरतेस?"

व्हर्ना निघाली. तेव्हा ड्वेनने पहिल्यांदाच मान वर केली.

"आई, ते घड्याळ मागे पडत होतं का हो?"

"का रे?"

"काही नाही. असंच."

४

ऑफिसात टेबलावर सोमवारची टपालथैली पडली होती. एल्क नॅरोजची वीज नगरपालिकेची, त्यामुळे बिघाडाचा अहवाल दर सोमवारी क्लार्ककडे यायचा आणि क्लार्क तो न वाचता फाइलला लावायची. या वेळी तिने वाचला. वीजघरावरच्या एल्मरच्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात लिहिलं होतं: "रविवार. रानहंस तारेत अडकून मेला. सगळं गाव बंद, नऊ एक्केचाळीस. चालू, दहा सात."

व्हर्नाने ती ओळ पुन्हा वाचली.

घड्याळ विजेचं होतं. नऊ एक्केचाळीसला ते थांबलं, ते संडासाने थांबवलंच नव्हतं! एका मेलेल्या हंसाने थांबवलं होतं. संडास त्यानंतर बुडाला. पण दहा सातच्या आधीच बुडाला, नाहीतर वीज आल्यावर काटे पुन्हा चालू लागले असते. म्हणजे ज्याने कुणी संडास बुडवला त्याचं मिनिट या सव्वीस मिनिटांतलं होतं. त्याने आपल्या मिनिटावर, मनगटावरच्या घड्याळात बघून, अचूक काम केलं होतं. फक्त ओसरीतलं घड्याळ आधीच मेलेलं होतं हे त्याला माहीत नव्हतं. न्याहारीला आलेल्या प्रत्येकाला वीज गेल्याचं माहीत होतं, थंड तव्यासमोर ताट घेऊन उभं राहिलेला माणूस ते विसरत नाही. म्हणजे तो न्याहारीला नव्हता.

आणि जो सव्वादहापर्यंत पंपाची घरघर ऐकत होता, तो नऊ एक्केचाळीस ते दहा सात कोणता पंप ऐकत होता?

पुढचं तिला बघायचं नव्हतं. पेटी पुन्हा सीलबंद झाली होती. ती उघडायला नगरसेवकांच्या परिषदेचा ठराव लागत होता, परिषद गुरुवारी बसणार होती आणि लॉनी मंगळवारी सकाळी नऊला उभा राहणार होता. व्हर्ना तिजोरीपुढे बराच वेळ उभी राहिली. तिच्या मनात आलं, गुरुवारपर्यंत थांबलं तर कुणी बोट दाखवणार नाही. नियम आपल्या बाजूने आहे. एकतीस वर्षांत इतका तो तिच्या कधीच कामी आला नव्हता.

मग तिने पत्र उघडायच्या सुरीने आपल्याच सहीचं सील फाडलं.

त्या सव्वीस मिनिटांत चार अर्धुकं निघाली. नऊ पंचेचाळीस, पाद्रीबाई. त्या शेडमध्ये कॉफी ओतत होत्या. नऊ अठ्ठावन्न, शाळेतले गणिताचे मास्तर. ते गार तव्याला शिव्या देत उभे होते. दहा एक, दातांचे म्हातारे डॉक्टर. ते नोव्हेंबरपासून ॲरिझोनात ऊन खात पडले होते. आणि नऊ बावन्न. त्यावर माणसाचं नाव नव्हतं, धंद्याचं होतं: थ्री पाइन्स धक्का दुरुस्ती.

गावात धंदा करायचा तर नाव नोंदवावं लागतं, आणि नाव कुणाचं आहे ते व्हर्नाच्या नोंदवहीत असतं. तिला वही उघडायची गरज नव्हती. तरी तिने उघडली, कारण चूक निघावी अशी तिची फार इच्छा होती. चूक निघाली नाही. फेब्रुवारीतली नोंद होती, शिक्का तिचाच होता. मालक: लेना ओल्स्टॅड. त्या दिवशी लेक म्हणाली होती, "उन्हाळ्यात जोडधंदा करू गं," आणि व्हर्नाने तिच्याकडून नोंदणीची फी न घेता स्वतःच्या पर्समधून भरली होती.

५

दुकानात ड्वेन टाकीतले मेलेले मासे जाळीने काढत होता. व्हर्नाने दार लावलं. लेना घरातून आली.

"ड्वेन, पंप चालू होता म्हणालास. नऊ एक्केचाळीसला गावाची वीज गेली, दहा सातला आली. तुझ्या टाकीत मासे का मेले, सांगू?"

ड्वेनच्या हातातली जाळी ठिबकत राहिली. त्याला वीज गेल्याचं माहीतच नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर इतकं उघड होतं की लेनाने मान फिरवली. ती न्याहारीला वाढपी होती. तिला माहीत होतं. तिने त्याला सांगितलं नव्हतं.

व्हर्नाने काउंटरवर अर्धुक ठेवलं. "नऊ बावन्न. घरच्यांना बंदी, म्हणून धंद्याच्या नावाने. आणि मागची फळी. तिला लाल रंग कुठून लागला?"

"मी ढकललं नाही," ड्वेन म्हणाला. "आई, शपथ. मी हातसुद्धा लावला नाही."

"मग काय केलंस?"

त्याने सांगितलं. सांगताना त्याला बरं वाटत असावं, कारण तो थांबेना. पहाटेच त्याने संडासाभोवतीचं आणि खालचं बर्फ करवतीने कापून ठेवलं होतं, आणि संडास दोन्ही कडांवर टाकलेल्या त्या एका फळीवर टेकवला होता. नऊ बावन्नला फळी ओढायची, की काम झालं. सगळं गाव शेडमध्ये. फक्त अर्विड न्याहारीला न जाता ऊन तापलं म्हणून बर्फ बघायला आला. ड्वेनला करवतीसकट बघून तो ओरडत धावला, आणि कापलेल्या चरात गेला.

"किती वाजले होते?"

"नऊ चव्वेचाळीस."

"मिनिट कसं ठाऊक?"

"मी घड्याळच बघत होतो ना."

लेनाने तोंडावर हात ठेवला. व्हर्नाने विचारलं, "तुझ्यापाशी त्याला द्यायला काहीच नव्हतं?"

"फळी होती." ड्वेनने ओठ चाटले. "पण फळी काढली असती तर संडास तेव्हाच गेला असता. आठच मिनिटांचा तर प्रश्न होता. अर्विड दमदार माणूस, मला वाटलं धरून राहील. मी त्याला म्हटलंसुद्धा, थांबा, देतो."

"मग?"

"आधी शिव्या दिल्या. मग म्हणाला, अरे, कशाची वाट बघतोयस? दोनदा म्हणाला. मग बोलला नाही." तो आता रडायला लागला. "बावन्नला मी फळी ओढली. लगेच त्याच्याकडे केली हो, त्याच मिनिटाला! पण तो नव्हता तिथे. दहा वाजून दहापर्यंत मी तिथेच शोधत होतो."

इथे व्हर्नाला गप्प बसता आलं असतं. पुरावा पुरेसा होता, माणूस मोडलेला होता, आणि तो तिच्या लेकीचा नवरा होता. पण तिच्या डोळ्यांपुढे ती तुटलेली नखं होती, आणि तिला दुखवायचं होतं.

"तू विचारलंस ना, घड्याळ मागे पडत होतं का? नव्हतं. नऊ एक्केचाळीसला वीज गेली तेव्हाच ते थांबलं होतं. अर्विड पाण्यात पडला तेव्हा घड्याळ तीन मिनिटं आधीच बंद होतं, ड्वेन. तू फळी चव्वेचाळीसला दिली असतीस काय, बावन्नला दिली असतीस काय, ओसरीत एक्केचाळीसच दिसणार होते. बावन्न वाजणारच नव्हते. तू ज्याची वाट बघत उभा होतास ते येणारच नव्हतं. कळलं का? का परत सांगू?"

त्याला कळलं नाही असं वाटून तिने परत सांगितलं. पण कळलं होतं. तो टाकीशी खाली बसला आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटत नव्हता.

व्हर्नाने फोन उचलला. लेनाने तिचं मनगट धरलं.

"आई, ऐक. लॉनीला तुरुंगाची सवय आहे. सहा वर्षं काढलीत त्याने. ड्वेन चार दिवस नाही टिकायचा."

"तुला कधी कळलं?"

"रविवारी दुपारी. त्याचे लाल रंग लागलेले कपडे धुवायला टाकताना." लेना अजिबात रडत नव्हती. "लॉनी गेला तर रडणार कोण आहे, सांग ना? एक म्हातारा होता तो मेला. आई, फक्त उद्या सकाळपर्यंत गप्प राहा. तुला काही करायचं नाही, नुसतं थांबायचंय."

"नुसतं थांबायचं," व्हर्ना म्हणाली. तिने मनगट सोडवून घेतलं आणि रॉजरचा नंबर फिरवला.

६

लॉनी मंगळवारी सकाळी सुटला. दोन पाळ्या न सांगता चुकवल्या म्हणून कागद गिरणीने त्याला काढून टाकलं होतं. घोटाळा झाल्याने स्पर्धाच रद्द ठरली, लोकांना तिकिटांचे पैसे परत मिळाले, लॉनीलाही फक्त तेवढेच मिळाले. गावात त्याची माफी कुणी मागितली नाही. उलट, तसं वागला असताच की कधीतरी, असं लोक म्हणत. ते पैसे घ्यायला तो व्हर्नाच्या खिडकीशी आला तेव्हा तिला वाटलं, आभार मानेल.

"रविवारी पेटी उघडली तेव्हा तुम्हीही मानलं होतं ना, मीच म्हणून?" त्याने विचारलं.

"दुपारभर," ती म्हणाली.

"एवढा वेळ पुरतो, व्हर्नाबाई," तो म्हणाला आणि पैसे न मोजता गेला.

गुरुवारी परिषद बसली. ठरावाशिवाय सील फोडल्याबद्दल क्लार्कला लेखी समज देण्यात आली. अर्विडसाठी मिनिटभर उभं राहण्यात आलं. पुढचा विषय होता, नवा संडास कोण बांधणार, आणि त्यावर पाऊण तास चर्चा झाली.

पुढे ड्वेनला सतरा वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात त्याला घड्याळ घालू देत नाहीत, पण भिंतीवर एक असतं, आणि तो त्याच्याकडे पाठ करून बसतो असं रॉजर सांगायचा.

त्याआधीच, मे महिन्यात, लेना खिडकीशी आली. घर विकून झालं होतं, गाडीत सामान भरलेलं होतं. तिने थ्री पाइन्स हे नाव रद्द करायचा अर्ज पुढे सरकवला. व्हर्नाने ओळखपत्र मागितलं. अर्जदाराची ओळख पटवायचा नियम होता, आणि दुसरं काय बोलावं ते तिला सुचलं नव्हतं. लेनाने लायसन्स ठेवलं. व्हर्नाने त्यावरचं नाव, जन्मतारीख, सगळं पाहिलं. ती जन्मतारीख तिला पाठ होती.

"आधी मला एकटीला सांगायचं होतंस," लेना हळू आवाजात म्हणाली. "आम्ही त्याच रात्री निघून गेलो असतो."

"आणि लॉनी?"

"तुझा कोण लागतो तो?"

"कोणी नाही," व्हर्ना म्हणाली आणि शिक्का मारला.

"मग मलाही आता कोणी नाही," लेना म्हणाली. तिने लायसन्स पाकिटात ठेवलं, पावती उचलली आणि दार नीट लावून घेऊन गेली.

व्हर्ना उठली नाही. गाडी सुरू झाल्याचा, वळल्याचा, मोठ्या रस्त्याला लागल्याचा आवाज तिने बसल्या जागी ऐकला. रांगेत मागे एक म्हातारी कुत्र्याचा परवाना काढायला उभी होती. व्हर्नाने तिला पुढे बोलावलं आणि कुत्र्याचं नाव विचारलं.